न दिसणाऱ्या मालाचें दुकान



दुकान म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कांहीं ठराविक गोष्टी उभ्या राहतात. फळ्या, मापें, तराजू, गल्ला आणि गल्ल्यामागें बसलेला माणूस. गिऱ्हाईक वस्तु हातांत घेऊन पाहतें, घासाघीस करतें, पैसे मोजतें व पुडकें घेऊन चालूं लागतें. एका हातानें द्यावें आणि दुसऱ्या हातानें घ्यावें, ही जी व्यापाराची जुनी रीत, तींत विश्वासाची गरज फारशी पडत नाहीं. कारण दोन्ही गोष्टी एकाच क्षणीं घडतात. आज मी ज्या दुकानाविषयीं बोलणार आहें त्यांत यांपैकीं एकहि गोष्ट नाहीं. माल दिसत नाहीं, मालक दिसत नाहीं, आणि मालकाला गिऱ्हाईकहि दिसत नाहीं. संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांना आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्या, इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठीं विकणारें हें छोटें दुकान. तें मांडावें कसें हें आज पुष्कळांना ठाऊक आहे. मांडल्यावर तें तपासावें कसें, याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें. पैसे देणें आणि माल मिळणें यांच्यामध्यें येथें कांहीं क्षणांचें अंतर पडतें. आणि माझ्या मतें दुकानदाराची सारी पत त्या अंतरांतच सांठविलेली असते.

या व्यापाराचें वय फार नाहीं. १९८२ सालीं अमेरिकेंत अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ या दोन गृहस्थांनीं, आरंभीं एकमेकांची ओळखहि नसतां, जवळजवळ एकच युक्ति काढली. फ्लूगेलमन यांची आज्ञावली टेलिफोनच्या तारेवरून दोन संगणकांचें बोलणें करून देणारी होती. नॉफ यांची याद्या व नोंदी ठेवणारी होती. दोघांनींहि आपला माल लोकांना मोकळ्या हातानें एकमेकांत वांटूं दिला, आणि उपयोगी वाटल्यास पैसे पाठवा एवढीच विनंति केली. पुढें १९९४ च्या ऑगस्ट महिन्याच्या ११ तारखेस त्याच देशांत नेटमार्केट नांवाच्या दुकानांतून स्टिंग या गायकाच्या गाण्यांची एक तबकडी १२ डॉलर ४८ सेंट व वर टपालखर्च इतक्या किंमतीस विकली गेली, आणि कार्डाचा क्रमांक गुप्त लिपींत तारेवरून गेला. सुरक्षित ऑनलाइन खरेदीचा आरंभ म्हणून या विक्रीचा उल्लेख होत असतो. पण ती तबकडी शेवटीं टपालानेंच घरीं पोंचावयाची होती. पैसेहि तारेनें आणि मालहि तारेनें, अशी सोय ज्या थोड्या वस्तूंना साधली त्यांत आज्ञावली ही एक. आपल्याकडे २०१६ सालीं यू.पी.आय. सुरू झाल्यावर, ज्याच्यापाशीं क्रेडिट कार्ड नाहीं असा मनुष्यहि खेड्यांत बसून ही खरेदी करूं लागला.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गांवीं राहून हाच व्यवसाय करतो. त्यानें खेड्यापाड्यांतील वाचनालयांसाठीं एक आज्ञावली लिहिली आहे. पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची अनामत, रोजची देवघेव आणि वर्षअखेरचीं पत्रकें हें सर्व तींत ठेवतां येतें. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी आहे. त्यांतल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाची मिळकत ती केवढी! तेथें ६०० रुपयांची खरेदी म्हणजेहि समितीच्या बैठकींत मांडण्याचा विषय होतो. बहुधा ग्रंथपाल आधीं पदरचे पैसे भरतात आणि मागाहून पावती दाखवून ते वसूल करतात. अशा माणसाचे ६०० रुपये गेले आणि माल आला नाहीं, तर त्याची कुचंबणा केवढी होईल याचा विचार श्रोत्यांनींच करावा. जवळपासच्या गांवीं हा गृहस्थ स्वतः जाऊन आज्ञावली बसवून देत असे. दुसऱ्या जिल्ह्यांतून मागणी येऊं लागली तेव्हां त्यानें दुकान मांडण्याचें ठरविलें, आणि तें खुलें करण्यापूर्वीं तपासण्याचें काम मजकडे सोंपविलें. ‘सर, तुम्ही चुका काढण्यांत जन्म घालविलात, माझ्याहि काढा,’ असें तो म्हणाला. त्यांत शहाणपण होतें. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणाऱ्या मुलास चुका सांपडत नाहींत; कारण कागदावर काय उतरलें आहे तें न वाचतां आपल्या मनांत काय होतें तेंच तो वाचीत जातो.

दुकान उभें करण्यास पंधरवडाहि लागला नाहीं. इंटरनेटवर एक नांव वार्षिक भाड्यानें घ्यावयाचें, तसेंच थोडीशी जागा घ्यावयाची, आणि तीवर वर्डप्रेस व वूकॉमर्स या फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्या बसवावयाच्या. पहिली २००३ सालची, दुसरी २०११ सालची. दोन्ही इतक्या लोकांच्या हाताखालून गेलेल्या आहेत कीं, स्वतः नव्यानें लिहीत बसण्यापेक्षां त्या घेणें केव्हांहि बरें. पैसे घेण्यासाठीं ‘पेमेंट गेटवे’ म्हणतात तसल्या मध्यस्थाशीं करार करावा लागतो. कार्डाचा क्रमांक दुकानदारानें आपल्यापाशीं सांठवावयाचा नाहीं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून अंमलांत आहे, आणि छोट्या दुकानदाराच्या डोक्यावरचें एक मोठें ओझें त्यानें उतरविलें आहे. जें आपल्या घरांत नाहीं तें चोरीस जाणार कसें? २०२० सालच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणें विक्रेत्याचें नांव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव दुकानांत दिसलें पाहिजे. तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावयाची आणि निवारण एका महिन्याच्या आंत करावयाचें. संमतीच्या चौकटींत आधींच खूण करून ठेवण्याची जी चलाखी कित्येक दुकानें करतात, तीहि त्या नियमांनीं निषिद्ध आहे. येथें अधिकारी एकच, मालक एकच आणि शिपाईहि एकच. तरी त्यानें आपलें नांव व दूरध्वनि ठळक अक्षरांत लिहिला. दुकानाच्या पाटीपेक्षां मला त्या चार ओळींचें मोल अधिक वाटतें.

आतां तपासणीकडे वळतों. मध्यस्थ कंपन्या दुकानदाराला एक खोटें जग देतात. त्यांत पैसे खोटे, कार्डें खोटीं, सर्व व्यवहार मात्र खऱ्यासारखा होतो. स्ट्राइप या कंपनीच्या खोट्या जगांतील ४२४२ हा आंकडा चार वेळां लिहून होणारा कार्ड-क्रमांक तर या धंद्यांतील सर्वांच्या तोंडीं आहे. या जगांत मीं पहिल्याच दिवशीं एक प्रत विकत घेतली, आणि सर्व यथासांग झालें. पैसे गेले, आभाराचें पान आलें, आज्ञावली उतरली. माझा विद्यार्थी आनंदला. मीं त्यास सांगितलें कीं, हा रस्ता तूं स्वतः शंभर वेळां चाललेला आहेस. त्यावर खड्डा असता तर तुला कधींच दिसला असता. आपल्याला पाहावयाचें आहे तें आडवाटांना.

किंमतीपासून आरंभ केला. मध्यस्थाला रक्कम पैशांत सांगावी लागते. म्हणजे ६०० रुपयांसाठीं ६०,००० हा आंकडा जावा लागतो. दोन शून्यें विसरलीं तर वस्तु सहा रुपयांस विकली जाते आणि दुकान तक्रारहि करीत नाहीं. ती चूक त्यानें केली नव्हती. मग नगांच्या रकान्यांत मीं शून्य लिहून पाहिलें, अर्धा लिहून पाहिला, उणें एक लिहून पाहिलें. एकच सवलत-कूपन दोनदां लावलें. ब्राउझरमध्यें आलेल्या पानांतील किंमत बदलून १ रुपया केली व तें पान परत पाठविलें. गेल्या शतकाच्या अखेरीस कित्येक दुकानांत किंमत गिऱ्हाइकाच्या पानांतच लपवून ठेवलेली असे आणि तेथून आलेला आंकडा खरा मानला जाई. म्हणजे वाण्यानें भाव गिऱ्हाइकालाच विचारावा त्यांतलाच प्रकार! आमच्या दुकानानें भाव आपल्याच वहींतून काढला व माझा रुपया नाकारला. कूपन मात्र एका ठिकाणीं दोनदां लागलें. तो दोष एका दुपारींत दुरुस्त झाला.

खरा प्रश्न यापुढला आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहें.

ग्रंथपाल आपल्या मोबाइलवर खरेदी करतो. दुकानाच्या पानावरून तो यू.पी.आय.च्या पडद्यावर जातो, तेथें आपला गुप्त अंक लिहितो, पैसे कापले जातात, आणि मग तो पुन्हा दुकानाच्या पानावर परतावा अशी अपेक्षा असते. पण समजा, त्याच क्षणीं कोणाचा फोन आला, किंवा रेंज गेली, किंवा मोबाइलची बॅटरी संपली. बँकेच्या दृष्टीनें व्यवहार पुरा झाला आहे. दुकानाच्या दृष्टीनें एक गिऱ्हाईक दाराबाहेर गेलें तें परत आलेंच नाहीं. गिऱ्हाईक परत आल्यावरच माल द्यावयाचा अशी दुकानाची समजूत असेल, तर पैसे गेले आणि माल नाहीं. यांत कोणी चोर नाहीं, कोणी लबाड नाहीं. तरी परिणाम चोरीचाच.

यासाठीं अशी व्यवस्था असते कीं, मध्यस्थाचा संगणक गिऱ्हाइकावर अवलंबून न राहतां दुकानाच्या संगणकाकडे आपण होऊन निरोप धाडतो. इंग्रजींत त्यास वेबहूक म्हणतात. मी त्याला हलकारा म्हणतों. हा हलकारा दुकानाच्या दारीं येऊन सांगतो कीं, अमक्या मागणीचे पैसे पोंचले. दुकानानें ‘समजलें’ असें उत्तर दिलें नाहीं तर तो कांहीं वेळानें पुन्हा येतो. त्याचा हा चिवटपणा मोठा उपकारक, पण त्यापासून दोन प्रश्न उत्पन्न होतात. एक, तोच निरोप दोनदां आला तर दुकानानें माल दोनदां देऊं नये. दुसरा, हलकाऱ्याचा वेष घेऊन भलताच कोणी आला तर त्यास ओळखतां आलें पाहिजे. मध्यस्थ व दुकानदार या दोघांनाच ठाऊक असलेल्या एका गुप्त शब्दावरून गणितानें एक शिक्का काढून तो निरोपावर मारलेला असतो. दुकानानें तोच हिशेब स्वतः करून शिक्का ताडून पाहावयाचा असतो.

आम्हीं हें सर्व करून पाहिलें. पैसे भरण्याच्या पानावर जाऊन, ते भरले जातांच ब्राउझर बंद केला. दुकानाच्या वहींत मागणी ‘प्रलंबित’ राहिली, ती दुसऱ्या दिवशीं सकाळींहि प्रलंबितच होती! शोध करतां असें आढळलें कीं, हलकारा येत होता, पण दुकानाच्या दारावर बसविलेला सुरक्षेचा पहारेकरी त्यालाच उपद्रवी समजून परतवीत होता. गिऱ्हाईक परत येत असे तोंवर हा दोष कोणास दिसणेंच शक्य नव्हतें. पहारेकऱ्यास समज दिल्यावर निरोप पोंचूं लागला. मग तोच निरोप मुद्दाम तीन वेळां पाठविला. तेव्हां एका मागणीस तीन परवाना-क्रमांक निघाले आणि तीन ई-मेल गेले. तेंहि दुरुस्त झालें. खोट्या शिक्क्याचा निरोप मात्र दुकानानें पहिल्यापासून बाहेरच ठेवला होता. शेवटीं एक बिकट प्रकार उरला. ठराविक वेळांत पैसे न आल्यास दुकान ती मागणी रद्द करीत असे. आणि पैसे जर त्यानंतर पोंचले, तर? रद्द झालेल्या मागणीचे पैसे आले तर ती आपोआप जिवंत व्हावी आणि मालकाच्या मोबाइलवर सूचना यावी, असें ठरलें. त्यावर आमचा थोडा वाद झाला. असा प्रसंग वर्षांत एकदांच येईल, असें त्याचें म्हणणें. तो एकदां कोणावर येईल, असें मीं विचारलें.

रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं फसलेल्या व्यवहारांविषयीं एक परिपत्रक काढलें आहे. खात्यांतून पैसे गेले पण व्यापाऱ्याकडे पोंच झाली नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्यापुढें विलंब झाल्यास दर दिवशीं १०० रुपये भरपाई ग्राहकास मिळाली पाहिजे, असें त्यांत आहे. हा नियम उत्तम आहे. पण पैसे बँकेंतून नीट निघून मध्यस्थाकडे पोंचले आणि दुकानाच्याच वहींत त्यांची नोंद झाली नाहीं, तर बँकेच्या लेखीं कांहींच फसलेलें नसतें. तेथें ग्राहकाला आधार एकट्या दुकानदाराचा. म्हणून रोज रात्रीं मध्यस्थाची यादी आणि दुकानाची वही एकमेकींशीं ताडून पाहणारा एक छोटा हिशेब माझ्या विद्यार्थ्यानें लिहिला. रोजकीर्द आणि खतावणी मिळवून पाहणाऱ्या जुन्या मुनिमाचेंच तें काम.

पावतीच्या गमतीकडे आतां वळूं. दुकानाचा तक्ता ग्राहकाचें नांव आणि आडनांव मागत होता. वाचनालयाला आडनांव कोठून असणार? ग्रंथपालानें स्वतःचें नांव लिहिलें तर पावती त्याच्या नांवें निघते, आणि ती समितीपुढें चालत नाहीं. संस्थेच्या नांवाचा रकाना उघडल्यावर मीं तेथें ‘सार्वजनिक वाचनालय’ असें देवनागरींत लिहिलें. पावतीवर नुसत्या रिकाम्या चौकटी उमटल्या. योग्य टंक बसविल्यावर अक्षरें आलीं, पण रफार आपल्या जागीं न चढतां र चा पाय मोडून बसला, आणि वेलांटी पुढल्या अक्षराला जाऊन चिकटल्यामुळें ‘निक’ चें ‘नकि’ झालें. माझ्या विद्यार्थ्यानें पावती इंग्रजींतच काढावी असें सुचविलें. आयुष्यभर मुलांचीं वेलांट्या-उकारांचीं दुरुस्त्यापत्रकें काढलेल्या मनुष्यास हें मानवणें शक्य नव्हतें! जोडाक्षरें जुळवून देणारें वेगळें साधन वापरल्यावर तिसऱ्या दिवशीं पावती शुद्ध मराठींत निघाली. त्याच पावतीवर वस्तु-सेवा-कराची एक ओळ आपोआप छापली जात होती. सेवा विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आंत असेल तर सर्वसाधारणपणें नोंदणी लागत नाहीं, आणि नोंदणी नसतां ग्राहकाकडून कर घेतां येत नाहीं. म्हणून ती ओळ काढून टाकली.

पावतीच्या तारखेचा दोष तर रात्रीं जागल्याशिवाय सांपडलाच नसता. भाड्याची जागा ज्या संगणकावर होती त्याचें घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनें चालत होतें, आणि ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें. म्हणजे मध्यरात्रीपासून पहांटे साडेपांचपर्यंत झालेल्या विक्रीवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. एरवीं कोणी लक्षहि दिलें नसतें. परंतु १ एप्रिलच्या पहांटे झालेली खरेदी अशानें मागल्या आर्थिक वर्षांत जाऊन पडते, आणि वाचनालयाचे हिशेब तर ३१ मार्चलाच मिटविलेले असतात.

परवाना-क्रमांकाविषयीं थोडें सांगतों. आज्ञावली चालूं करण्यास सोळा चिन्हांचा एक क्रमांक लागतो. तो इंग्रजी अक्षरें व आंकडे मिळून होत असे. फोनवरून तो एकमेकांस सांगून पाहिला तेव्हां शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांचा घोटाळा दर दोन प्रयत्नांत एकदां झाला. तीं फसवीं अक्षरें वगळलीं, चार-चार चिन्हांचे गट पाडले, आणि शेवटचें चिन्ह पडताळ्याचें ठेवलें. म्हणजे एक चिन्ह चुकलें तर चूक जागच्या जागीं कळते.

उतरवून घेण्याची गोष्ट वेगळी. आज्ञावलीची फाईल ८० मेगाबाइटची आहे. शहरांत ती निमिषांत येते. आमच्याकडे पावसाळ्यांत रेंज दर पांच मिनिटांनीं जाते. सत्तर भाग येऊन तार तुटली कीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ, आणि प्रत्येक आरंभ म्हणजे एक उचल असें धरून तीन उचलींनंतर दुकान दार लावून घेई! पैसे देऊन, तीन वेळां अर्धवट माल घेऊन, ग्राहक बाहेर. जेथें तुटलें तेथून पुढें चालूं ठेवण्याची सोय इंटरनेटच्या नियमांत आहे. ती चालूं केली, आणि उचलींची मर्यादा काढून दुव्याला तीस दिवसांची मुदत घातली. दुवा म्हणजे लिंक. ही फाईल खुल्या कपाटांत तर नाहीं ना, हेंहि पाहिलें. दुव्याचा पत्ता दुसऱ्या संगणकावर, पैसे न भरतां, उघडून पाहिला. तो उघडला नाहीं. पुष्कळ दुकानें या एकाच परीक्षेंत नापास होतील असा माझा तर्क आहे.

उतरलेली फाईल तीच कशावरून, हा प्रश्न कोणास अतिशयोक्तीचा वाटेल. पण २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंट या प्रसिद्ध प्रणालीच्या संकेतस्थळांत चोर शिरले, आणि त्यांनीं उतरवून घेण्याचा दुवाच बदलून आपल्या विषारी प्रतीकडे वळविला. दुकान तेंच, पाटी तीच, माल दुसरा. यावर उपाय म्हणून फाईलीचा गणिती ठसा प्रसिद्ध करतात. एस.एच.ए.-२५६ या रीतीनें कोणत्याहि फाईलीचा ६४ चिन्हांचा ठसा निघतो, आणि फाईलींत एक अक्षर बदललें तरी सारा ठसा बदलतो. परंतु फाईल आणि ठसा एकाच पानावर ठेवले तर चोर दोन्ही बदलील; म्हणून ठसा पावतीच्या ई-मेलमध्येंहि घातला. आज्ञावलीवर विक्रेत्याची अंकीय सही असणें हा याहून पक्का उपाय. ती नसली कीं विंडोज प्रकाशक अनोळखी असल्याचा इशारा देतें आणि भोळें गिऱ्हाईक घाबरतें. ही सही १ जून २०२३ पासून सुरक्षित उपकरणांतच ठेवावी लागते, व तिचा वार्षिक खर्च छोट्या दुकानदारास जड जातो. माझ्या विद्यार्थ्यानें तो केला. वर्षाला कित्येक प्रती त्यापायीं खर्चीं पडतात. तरी त्यानें केला तें योग्यच झालें, असें मला वाटतें.

खोटें जग संपवून शेवटीं खऱ्या पैशांनीं परीक्षा घेतली. मीं माझ्या खात्यांतून पुरते ६०० रुपये भरले. बँकेची सूचना खरी, पावती खरी, आणि मध्यस्थाची दलाली वजा होऊन मालकाच्या खात्यांत पडलेली रक्कमहि खरी. हें शेवटचें खोट्या जगांत दिसत नाहीं. मग मीं माल परत करण्याचा अर्ज केला. पांचव्या दिवशीं पैसे पुरे परत आले. दलाली मात्र मालकाची गेली ती गेलीच. म्हणजे प्रत्येक परतीस त्याला पदरचे थोडे पैसे घालावे लागणार. तेव्हां परतीचा नियम काढून टाकावा कीं काय, असें त्याच्या मनांत आलें. न पाहतां घेतलेल्या मालाला परतीची वाट नसेल तर शहाणें गिऱ्हाईक येणारच नाहीं, असें मीं म्हटलें. सात दिवसांची मुदत राहिली.

यानंतर एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना आम्हीं बोलाविलें आणि ‘ही आज्ञावली विकत घ्या’ एवढेंच सांगून गप्प बसलों. गप्प बसणें हें या परीक्षेंतलें सर्वांत अवघड काम. त्यांचें बोट ‘प्रोसीड टु चेकआउट’ या बटणाशीं थबकलें. चेकआउट म्हणजे बाहेर जाणें असें वाटून त्या मागें फिरल्या. तें बटण त्याच संध्याकाळीं ‘पैसे भरा’ असें झालें. पुढें सर्व पार पडलें, आणि मग त्यांनीं विचारलें, ‘सर, फाईल तर माझ्या फोनमध्यें आली. ती वाचनालयाच्या संगणकांत कशी न्यायची?’ आम्हीं दोघे एकमेकांकडे पाहूं लागलों. खरेदी मोबाइलवर आणि आज्ञावली चालणार ती संगणकावर, ही साधी गोष्ट तीन आठवड्यांच्या तपासणींत आमच्या मनास शिवली नव्हती. आतां पैसे भरल्यावर एक आंखूड पत्ता मोठ्या अक्षरांत दिसतो. तो कागदावर टिपून घ्यावयाचा आणि वाचनालयाच्या संगणकावर लिहावयाचा. पावतीच्या खालींहि तो छापलेला असतो, कारण ई-मेल कधीं कधीं नको त्या टपालाच्या पेटींत जाऊन पडतें.

एक परीक्षा उरली होती, आणि ती मीं आग्रहानें घेतली. आज्ञावली दर वेळीं उघडतांना दुकानाला विचारून परवान्याची खात्री करून घेई. नकला होऊं नयेत हा हेतु. हेतु वाईट नव्हता. पण इंटरनेट नसलेल्या दिवशीं वाचनालयानें पुस्तकें द्यावयाचीं नाहींत काय? आणि उद्यां हें दुकानच मिटलें तर? मोठमोठ्या कंपन्यांनीं आपले परवाना-संगणक बंद केल्यावर पैसे देऊन घेतलेला माल निर्जीव झाल्याचीं उदाहरणें जगांत झालीं आहेत. यावर आमचा सर्वांत लांब वाद झाला, दोन संध्याकाळी चालला, आणि त्याचें म्हणणेंहि मला खोडून काढतां आलें नाहीं. नकला होतील हें खरेंच होतें. अखेर असें ठरलें कीं, परवाना-क्रमांकावरील सहीची खात्री आज्ञावलीनें स्वतःशींच, इंटरनेटवांचून, एकदां करून घ्यावी व पुन्हा विचारूं नये. तसा बदल झाल्यावर शनिवारीं रात्रीं दुकान पूर्ण बंद करून ठेवलें. सोमवारीं सकाळीं त्या बाईंनीं वाचनालयाचा संगणक सुरू केला, आज्ञावली उघडली, आणि परत आलेल्या पहिल्या पुस्तकाची नोंद करून घेतली.